एका ओळीमागचा कागद

लता मंगेशकरांचा पहिला कार्यक्रम सोलापुरात झाला, हे आमच्या गावात शाळकरी पोरगंही सांगेल. सांगावंच, अभिमानाची गोष्ट आहे. पण हेच वाक्य विकिपीडियावरच्या लेखात लिहायला बसलं की त्यातला एकेक शब्द हात धरतो. पहिला म्हणजे कोणता पहिला? वडिलांच्या नाटकात नारदाचं काम करणारा नट ऐनवेळी नव्हता म्हणून आपण उभ्या राहिलो, अशी आठवण लताबाईंनीच सांगितलेली आहे. मग पहिलं कशाला म्हणायचं, त्या प्रवेशाला की सोलापूरच्या मैफलीला?

उत्तर त्यांच्याच शब्दांत सापडतं. काही वर्षांपूर्वी त्यांनी ट्विटरवर लहानपणीचा एक फोटो टाकला होता. एका परिचितांनी फोन करून आठवण करून दिली, की ९ सप्टेंबर १९३८ रोजी सोलापुरात त्यांनी वडिलांबरोबर पहिला शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम केला, आणि हा फोटो त्या कार्यक्रमाच्या प्रसिद्धीसाठी काढला होता, असं त्यांनी सोबत लिहिलं होतं. म्हणजे नेमकं वाक्य होतं ‘पहिला शास्त्रीय कार्यक्रम’. ‘रंगमंचावरचं पहिलं पाऊल’ हे त्यात नाही, आणि आपण ते घालायचं नाही.

आता वय. त्यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा. त्या रात्री त्यांना नऊ पूर्ण व्हायला एकोणीस दिवस कमी होते. ‘वयाच्या नवव्या वर्षी’ असं लिहिलं तर बरोबर, ‘नऊ वर्षांच्या असताना’ असं लिहिलं तर चूक. मराठीत हा फरक करायची सोय आहे आणि आपण ती वापरत नाही. वारही पाहून ठेवावा, त्या दिवशी शुक्रवार होता. उद्या कुणी जुनी जाहिरात घेऊन आलं आणि तिच्यावर भलताच वार असला, तर तारीख तरी चुकली आहे किंवा जाहिरात तरी दुसऱ्या वर्षाची आहे, हे जागच्या जागी कळतं. त्या रात्री आपण खंबावती राग गायले आणि नंतर वडिलांचं गाणं चालू असताना त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपी गेले, हेही त्यांनी मुलाखतीत सांगितलं आहे. ते लेखात घेताना ‘लताबाईंच्या आठवणीनुसार’ हे शब्द हवेतच. आठवण खोटी असते म्हणून नव्हे. वाचणाऱ्याला ती आठवण आहे हे कळायला हवं म्हणून.

एका ओळीसाठी एवढा खटाटोप कशाला, असं मला घरातही विचारतात. मी गेली बरीच वर्षं नोकरीतून उरलेल्या वेळात विकिपीडियावर गाण्या-बजावण्याविषयीचे लेख तपासतो, दुरुस्त करतो. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्या गायकावर आपलं प्रेम आहे त्याच्या लेखात पुराव्याविना स्तुती घालणं हे त्या गायकाचंच नुकसान आहे. आणि ज्या गावाला त्याचा अभिमान आहे, त्या गावानेच पुरावा म्हणून दाखवता येईल असा कागद उजेडात आणला पाहिजे. पुण्या-मुंबईचे लोक येऊन ते काम करून देणार नाहीत.

माझ्या हातून झालेली चूक आधी सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका जुन्या नाट्यगायकाच्या लेखात मी लिहिलं, की अमुक साली सोलापुरात ते रात्रभर गायले आणि पहाटेच्या भैरवीला सगळं थिएटर उभं राहिलं. हे मला माझ्या काकांनी सांगितलं होतं. ते स्वतः तिथे बसलेले. काका खोटं बोलणारे नव्हेत, म्हणून मी संदर्भाची जागा मोकळी ठेवली आणि ओळ टाकून दिली. दोन-अडीच वर्षांनी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्या गायकावर लेख आला. त्यात माझं वाक्य होतं, ‘पहाटेच्या भैरवीला’ या शब्दांसकट, स्वल्पविरामही तिथेच. पुढे कुणीतरी अगदी सद्भावनेने विकिपीडियावरच्या माझ्या त्या ओळीला याच पुरवणीचा संदर्भ जोडला. झालं. काकांच्या ओसरीवरची गोष्ट आता छापील आधाराची झाली. मला स्वतःलाच ती वाचून क्षणभर खरी वाटली.

पुढे काकूच्या ट्रंकेत एक लग्नपत्रिका निघाली. धाकट्या आत्याचं लग्न आणि तो कार्यक्रम एकाच महिन्यातले, असं काका नेहमी सांगत. पत्रिकेवरचं साल मी लेखात दिलेल्या सालाच्या तीन वर्षं पुढचं होतं. ज्या सालाभोवती मी सगळं वाक्य बांधलं, ते सालच उभं राहात नव्हतं. मी ओळ काढली, लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर सगळी हकीकत लिहिली. लेखाच्या ‘इतिहास पहा’ या पानावर माझी संपादनाची तारीख आहे, पुरवणीवर तिची तारीख आहे, आणि माझी आधीची आहे; ज्याला पाहायचं त्याला कोण कुणावरून उतरलं ते दिसतं. पण ती पुरवणी ज्यांच्या कात्रणांच्या वहीत चिकटवलेली आहे, त्यांच्यापर्यंत माझी दुरुस्ती कधी पोचणार?

‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ असं आपण म्हणतो. इथे उलटं होतं. पोहऱ्यातलं पाणी आडात ओततात आणि मग आडात पाणी आहे म्हणून दाखवतात.

हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. रॉनी हेझलहर्स्ट हे ब्रिटनमधले संगीतकार, तिकडच्या दूरदर्शन मालिकांची शीर्षकगीतं करणारे. २००७ च्या ऑक्टोबरात ते वारले तेव्हा मोठमोठ्या दैनिकांनी आणि बीबीसीनेही मृत्युलेखात लिहिलं, की एस क्लब ७ या तरुणांच्या गायकवृंदाचं एक गाजलेलं गाणं लिहिण्यात त्यांचा हात होता. नव्हता. विकिपीडियावर कुणीतरी ते घुसडलं होतं आणि घाईत सगळ्यांनी तेच उचललं. दीड वर्षाने, मार्च २००९ मध्ये, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’चे संगीतकार मॉरिस जार गेले. डब्लिनमधल्या एका विद्यार्थ्याने विकिपीडियावर त्यांच्या तोंडी एक सुंदर, खोटं वाक्य घातलं. विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी ते संदर्भ नाही म्हणून एकदा सोडून अनेकदा काढलं. तेवढ्या मधल्या वेळात ते वर्तमानपत्रांत पोचलं होतं, भारतातल्यासुद्धा. महिन्याभराने त्या विद्यार्थ्याने स्वतःच कळवलं तेव्हा कुठे दुरुस्त्या छापल्या गेल्या. मला यातला महत्त्वाचा भाग वेगळाच वाटतो. ज्याला लोक ‘कुणीही लिहितं’ म्हणून नावं ठेवतात तिथले बिनपगारी लोक संदर्भ मागत होते, आणि ज्यांचा तो पोटापाण्याचा धंदा आहे त्यांनी मागितला नाही.

संगीताच्या लेखांत चुका जास्त का शिरतात, यालाही कारणं आहेत. गाण्यावर माणूस जीव टाकतो, आणि जीव टाकलेल्या ठिकाणी आकडा फुगतो. १९७४ च्या गिनीज बुकात लताबाईंनी १९४८ ते १९७४ या काळात वीस भारतीय भाषांत पंचवीस हजारांहून कमी नाहीत इतकी गाणी गायली असं छापलं. सरळ भागाकार करून पाहा. सव्वीस वर्षांत पंचवीस हजार म्हणजे वर्षाला साडेनऊशेच्या वर, दिवसाला अडीचहून जास्त, दिवाळी-दसरा न पाळता, घसा न बसता. मोहम्मद रफींनी या दाव्याला हरकत घेतली आणि त्यांच्या बाजूने अठ्ठावीस हजारांचा आकडा पुढे आला, तोही तसाच. पुढे १९९१ मध्ये गिनीजने ही नोंदच काढून टाकली. कानपूरच्या हरमंदिरसिंग ‘हमराज’ यांनी चित्रपटामागून चित्रपट घेऊन हिंदी चित्रपटगीतांच्या गीतकोशाचे खंड रचले. तशा मोजणीतून लताबाईंच्या हिंदी चित्रपटगीतांचा आकडा पाच हजारांच्या आसपास येतो. पाच हजार! एका गळ्याने पाच हजार गाणी गाणं हे थक्क होण्याजोगं नाही का? खरा आकडा पंचवीस हजारांच्या शेजारी ठेवून आपण त्याला लहान करून टाकलं. फुगवलेल्या आकड्याने कलावंताचं नुकसान होतं असं मी म्हणतो ते यासाठी.

‘पहिला’ या शब्दाचंही तसंच. भारतात पहिली ध्वनिमुद्रिका गौहर जानची, हे शंभर ठिकाणी सापडेल, आणि बऱ्याच ठिकाणी २ नोव्हेंबर १९०२ ही तारीखही सापडेल. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने ग्रामोफोन कंपनीच्या नोंदी तपासून जो तपशील मांडला, त्यात कलकत्त्याचं ध्वनिमुद्रण ८ नोव्हेंबरला शशिमुखी आणि फणीबाला या थिएटरातल्या मुलींपासून सुरू होतं आणि गौहर जान ११ तारखेला येते. त्याच्याही आधी, १८९९ मध्ये, लंडनमध्ये काही भारतीयांचे आवाज मुद्रित झाले होते. गौहर जान यामुळे कमी होत नाही. तबकडीच्या शेवटी ती आपलं नाव इंग्रजीत पुकारते, आणि जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या कारखान्यात आवाज कुणाचा हे कळावं म्हणून तशी पद्धत होती, हे आपल्याला आज ऐकू येतं. पण त्या दोन मुलींची नावं मात्र शंभर ठिकाणच्या त्या एका ‘पहिली’ने पुसून टाकली. चुकीच्या ओळीखाली नेहमी कुणीतरी दुसरं गाडलं जातं.

मग छापील मूळ वस्तू पाहिली की काम झालं का? तेही नाही. ‘महल’मधलं ‘आएगा आनेवाला’ १९४९ चं. त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं. कामिनी हे पडद्यावर मधुबालाने केलेल्या पात्राचं नाव. लेबल अस्सल, कंपनी अस्सल, आणि तरी त्यावरून लेख लिहिला असता तर लता मंगेशकर त्यात आल्याच नसत्या. कागद असणं वेगळं आणि कागद वाचता येणं वेगळं. माझ्याकडे घरातल्या काही जुन्या तबकड्या आहेत. दुपारी खिडकीशी नेऊन तिरक्या उजेडात धरल्या, की लेबलाच्या भोवती जिथे रेघा संपतात त्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स नंबर दिसतो. लेबलावरचा नंबर विक्रीचा, हा मुद्रणाचा. एकच मुद्रण पुन्हा नव्या लेबलाखाली आलं तर वरचा नंबर बदलतो, खालचा राहतो. बोटाच्या पेराएवढ्या जागेतली ती अक्षरं वाचायला मला पहिल्यांदा पाऊण तास लागला होता. पण गाणं कोणत्या सालचं यावरचा एक जुना वाद तिथे मिटला.

नावांची गंमत तर आपण मराठीवाल्यांनी स्वतःच ओढवून घेतली आहे. वसंत देसाई, वसंत प्रभू, वसंत पवार, तिघे एकाच काळातले, तिघेही मराठी चित्रपटाला चाली देणारे. नुसतं ‘संगीत: वसंत’ अशी आठवण सांगणारा माणूस कोणता वसंत म्हणतो आहे, हे त्यालाही कधीकधी ठाऊक नसतं. सोलापूरचे शाहीर राम जोशी घ्या. त्यांचं जन्मसाल कुठे १७५८ आहे, कुठे १७६२. अशा वेळी एक साल आवडलं म्हणून ठेवायचं आणि दुसरं पुसायचं, हे मी चुकीचं मानतो. दोन्ही सालं आपापल्या संदर्भासह लिहावीत आणि वाचकावर विश्वास टाकावा. राम जोशींच्या बाबतीत दुसरी अडचण १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटाने झाली. चित्रपट गाजला, जयराम शिलेदारांनी गायलेली ‘सुंदरा मनामध्ये भरली’ घरोघर पोचली. ती लावणी राम जोशींचीच. पण त्याच चित्रपटात ग. दि. माडगूळकरांचीही गीतं आहेत आणि कथेची मांडणीही त्यांची. पडद्यावरचा प्रसंग उचलून चरित्रात ठेवणं आणि गदिमांची ओळ राम जोशींच्या नावावर लावणं, दोन्ही फार सोपं आहे. दोघांवरही त्यात अन्याय होतो.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो आणि तो मी उडवून लावणार नाही. छापील संदर्भाचा आग्रह धरला, तर ज्यांच्याविषयी कुणी कधी छापलंच नाही त्यांचं काय? तमाशाच्या फडातली ढोलकी, सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढे वाजणारी हलगी, शहराच्या पूर्वभागातल्या विणकरांची तेलुगू भजनं, यांची नोंद कोणत्या ग्रंथात शोधायची? ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांनी आपल्याच माणसांची चरित्रं लिहिली. आता नियम दाखवून उरलेल्यांना बाहेर ठेवायचं, तर तो जुनाच अन्याय नव्या नावाने झाला.

आक्षेप खरा आहे. पण त्यावरचा उपाय म्हणून नियम सैल करा असं जे सांगतात, त्यांच्याशी माझं पटत नाही. सैल नियमाचा फायदा हलगीवाल्याला होत नाही, तो ज्याच्याकडे चार कार्यकर्ते आणि फोन आहे त्याला होतो. स्वतःला ‘सूरसम्राट’ म्हणवून घेणाऱ्यांचे लेख मी रोज पाहतो. हलगीवाल्याचं नाव टिकायचं असेल तर त्याच्याविषयी आधी कुणीतरी नीट लिहून छापलं पाहिजे. मुलाखत घेतली पाहिजे, तारीख घालून, गाव घालून, कुणी विचारलं आणि कुणी सांगितलं हे घालून. विकिपीडिया नवं संशोधन छापत नाही, इतरत्र छापलेलं एकत्र करतो. म्हणून पहिलं काम विकिपीडियाच्या बाहेरचं आहे. ते आपल्या महाविद्यालयांचं, वाचनालयांचं, गावच्या दैनिकांचं आहे. संगीत शिकणाऱ्या मुलांना शेवटच्या वर्षाला इंटरनेटवरून उतरवलेला पाच पानी ‘प्रकल्प’ द्यायला लावण्यापेक्षा एका म्हाताऱ्या वादकाची मुलाखत आणायला लावली आणि कॉलेजच्या वार्षिकात ती छापली, तर दहा वर्षांत या जिल्ह्याचा संगीताचा इतिहास उभा राहील. बार्शीत १९१६ साली जन्मलेल्या शाहीर अमर शेखांचा आवाज ऐकलेली माणसं या जिल्ह्यात आता किती उरली असतील? त्यांच्याकडे जायला उशीर करून चालणार नाही.

सोलापूरला एक अडचण जास्त आहे आणि एक सोयही. इथे गाणं चार भाषांत झालं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. मराठी संपादक मराठी कात्रणं शोधतो आणि हात टेकतो. पलीकडच्या गल्लीत तोच कार्यक्रम तेलुगू हँडबिलावर छापलेला असतो. या चार भाषांची चार माणसं एका टेबलाशी बसली तर दुसऱ्या शहरात न होणारी पडताळणी इथे होऊ शकते. चार भाषांतले कागद एकमेकांवरून उतरलेले असण्याची शक्यता त्यातल्या त्यात कमी.

कायद्याची भीती बरेच जण घालतात. भारतीय कायद्यात, लेखकाचं नाव नसलेल्या छापील मजकुराचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, जुन्या फोटोंचा आणि ध्वनिमुद्रणाचाही साधारण तसाच हिशेब आहे. गीताचे शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र वेगळा, तो त्या माणसाच्या हयातीवर मोजतात. १९३८ ची जाहिरात, हँडबिल, गावच्या पेपरातली निनावी बातमी, यांचा स्कॅन सगळ्यांसमोर ठेवायला अडचण नाही. अडचण असते ती कपाटाच्या किल्लीची. जुन्या अंकांच्या बांधीव फायली पाहायला मी एका ठिकाणी चार वेळा गेलो. चारही वेळा किल्ली असलेले गृहस्थ नव्हते. पाचव्यांदा कपाट उघडलं तेव्हा मला हव्या असलेल्या महिन्यांची पानं हातात घेतल्याबरोबर पापडासारखी मोडली. राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. मोबाइलने फोटो काढायला पानाला अर्धं मिनिट लागतं.

पुन्हा त्या ९ सप्टेंबरकडे येतो. लताबाईंनी लिहिलं होतं, की फोटो प्रसिद्धीसाठी काढला होता. म्हणजे प्रसिद्धी झाली होती. जाहिरात कुठेतरी द्यायची होती, चौकात वाटायला काहीतरी छापायचं होतं. असा कागद एखाद्या घराच्या माळ्यावर, जुन्या हिशेबाच्या वहीत घडी घालून राहू शकतो. कुणाचे आजोबा तिकीट काढून गेले असतील. ज्या घरात असा कागद असेल त्यांनी तो लॅमिनेट करू नये, त्याला सेलोटेप लावू नये, फक्त दोन्ही बाजूंचा फोटो काढावा आणि दाखवावा.

मागच्या उन्हाळ्यात पूर्वभागातल्या एका घरी मी गेलो होतो, एका भजनी मंडळाच्या लेखासाठी. घरच्या आजींनी लुगड्याच्या घडीतून एक गुलाबी हँडबिल काढलं. तेलुगूत होतं, त्यांच्या नातवालाही वाचता येईना. आजींनीच मोठ्याने वाचून दाखवलं आणि नातवाने मराठीत सांगितलं. कार्यक्रमाची जागा होती, तारीख होती, वार होता, बायकांसाठी वेगळी बसायची व्यवस्था आहे असं होतं. साल नव्हतं. हँडबिलावर साल कोण छापतो? आज वाटायचं आणि उद्या संपायचं. आम्ही तारीख आणि वार जुळवत बसलो. वीस वर्षांच्या टप्प्यात तीन सालं निघाली. आजींना त्यातलं मधलं खात्रीने आठवत होतं.

लेखात मी ते साल अजून घातलेलं नाही. हँडबिलाचे दोन्ही बाजूंचे फोटो चर्चा पानावर ठेवले, तीनही सालं लिहिली, आजींचं म्हणणं आजींचं म्हणून लिहिलं, आणि त्या तीन वर्षांतलं त्या आठवड्याचं वर्तमानपत्र कुणाकडे आहे का, एवढं विचारून ठेवलं आहे.